विज्ञानशंका : नावात नसलेला अंक सूत्रात कुठून येतो?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. संयुगांची रेणुसूत्रे ती पाठ करते, परंतु ॲल्युमिनिअम सल्फेटसारखे नवे नाव समोर आले की अडते. कार्बन डायऑक्साइडच्या नावात 'डाय' आहे, कॅल्शियम क्लोराइडच्या नावात तसे काही नाही. तरी दोन्ही सूत्रांत २ हा अंक येतो. तो कसा ओळखावा?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपण दिलेल्या दोन उदाहरणांतच अडचणीचे मूळ आहे. कार्बन आणि ऑक्सिजन हे दोन्ही अधातू असून त्यांचे संयोग एकाहून अधिक प्रमाणांत होतात. कार्बन मोनॉक्साइडही असतोच, म्हणून अणूंची संख्या नावातच सांगावी लागते. कॅल्शियम क्लोराइड हे मात्र आयनिक, म्हणजे विद्युतप्रभार असलेल्या कणांचे (आयनांचे) बनलेले संयुग आहे. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनप्रभार, क्लोराइडवर एक ऋणप्रभार आणि संयुग एकंदरीत उदासीन, एवढे ठाऊक असले की एका कॅल्शियमला दोन क्लोराइड लागणार हे ठरलेलेच असते. जे ठरलेले आहे ते नाव पुन्हा सांगत नाही.

म्हणून पाठ करायची ती मूलके (प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट) आणि त्यांच्या संयुजा (त्यांवरील प्रभारांची संख्या), सूत्रे नव्हेत. पंधरा धन आणि पंधरा ऋण मूलके लक्षात राहिली, तर कागदावर त्यांच्या सव्वादोनशे जोड्या होतात.

आता ॲल्युमिनिअम सल्फेट घेऊ. (संज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत, वहीत त्या अर्थातच रोमन लिपीत लिहाव्यात.) ॲल्युमिनिअमची संयुजा ३, सल्फेटची २. दोन ॲल्युमिनिअमचे सहा धनप्रभार आणि तीन सल्फेटांचे सहा ऋणप्रभार एकमेकांना पुरे पडतात, म्हणून सूत्र एएल२(एसओ४)३. सल्फेट हा एक गंधक आणि चार ऑक्सिजन यांचा अखंड गट असल्याने कंस आवश्यक आहे. तो गाळला तर ४ आणि ३ शेजारी येऊन ऑक्सिजनचे त्रेचाळीस अणू वाचले जातील.

शाळेत शिकवला जाणारा तिरकस गुणाकार (एका मूलकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहिणे) हेच उत्तर देतो, पण तो डोळे मिटून करू नये असे माझे मत आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडसाठी त्याने एमजी२ओ२ येते, ते संक्षिप्त करून एमजीओ लिहावे लागते. उलट हायड्रोजन पेरॉक्साइडचे एच२ओ२ संक्षिप्त करता येत नाही, कारण तेथे ऑक्सिजनचे दोन अणू परस्परांना जोडलेले असतात. प्रभारांची बेरीज शून्य येते का, हे शेवटी पाहण्याची सवय अधिक भरवशाची.

लोह, तांबे यांच्या संयुजा परिवर्ती, म्हणजे एकाहून अधिक असतात, तेथे मात्र नावाकडे नीट पाहावे लागते. लोहाच्या गोळ्यांवर आढळणारे फेरस सल्फेट म्हणजे एफईएसओ४, तर फेरिक सल्फेट एफई२(एसओ४)३. 'अस' म्हणजे कमी संयुजा आणि 'इक' म्हणजे जास्त, एवढेच हे प्रत्यय सांगतात; फेरसची २ पण क्युप्रसची १, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये कंसातल्या रोमन अंकांची पद्धत सुचवली. तिच्यानुसार 'आयर्न' या शब्दापुढे कंसात रोमन तीन दिसला, की फेरिक समजावे.

मुलीला सरावासाठी सोडियमचे सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट एकापाठोपाठ लिहायला सांगावे. तिन्ही ऋणमूलकांची संयुजा २ च आहे, त्यामुळे सोडियम प्रत्येक वेळी दोनच येतील. बदलेल तो केवळ ऑक्सिजन : सल्फाइडमध्ये एकही नाही, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार.