बँगरजवळच्या खेड्यातली वेल्श शाळा: मुलीला घालावं का?

तुमच्या मिस्टरांना वेल्समधल्या बँगरच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आहे, घर जवळच्या खेड्यात बघताय, पण तिथल्या शाळेत जेमतेम पस्तीस मुलं आणि सगळं शिकवणं वेल्शमध्ये. सहा वर्षांच्या मुलीचं इंग्रजी कच्चं राहील का, असं विचारलंय. सात वर्षांपूर्वी याच काळजीने माझीही झोप उडाली होती.

नाही राहत. अशा शाळांत सात वर्षांपर्यंत बहुतेक सगळं वेल्शमध्ये चालतं, मग इंग्रजी विषय सुरू होतो. टीव्ही, दुकान, मैदान यांतून इंग्रजी तसंही येतंच. उशिरा आलेल्या मुलांना वेल्श शिकवायला ग्विनेदमध्ये, म्हणजे बँगर ज्या परगण्यात आहे तिथे, वेगळी केंद्रं आहेत. त्यांच्या नावातल्या वेल्श शब्दाचा अर्थ 'बुचकळणं', आणि करतातही तेच. माझा मुलगा तिथून बाहेर पडला तो माझे उच्चार सुधारतच. वेल्शमधला 'll' म्हणताना जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूने नुसती हवा सोडायची, हे मला अजून जमत नाही.

पण शाळा बघायला जाल तेव्हा आधी इमारतीकडे बघा. आमच्या शाळेच्या दोन दारांवर दगडात 'मुलगे' आणि 'मुली' असं कोरलंय, तेही इंग्रजीत. गाव तेव्हा पूर्ण वेल्श बोलणारं! 1847 साली वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी इथल्या शाळांवर अहवाल लिहिला आणि भाषेलाच मागासलेपणाचं कारण ठरवलं. 1862 पासून शाळेचं अनुदान वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेवर मिळू लागलं. वेल्शला त्यात दमडी नव्हती. काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरा कोणी बोलताना सापडला की ती त्याच्याकडे जाई आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्या पोराला छडी. सरकारचा तसा हुकूम नव्हता. मास्तरच करायचे, आणि पुष्कळ आईबापांनाही ते पटायचं. हे ऐकलं तेव्हा मला माझी मामेबहीण आठवली. तिच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की एक रुपया दंड होता, आणि मामाला त्याचं कौतुक.

1939 मध्ये अॅबरिस्टविथला पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली, ती सात मुलांवर. त्यामुळे पस्तीस हा आकडा इथे कुणाला हसण्याजोगा वाटत नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी द्यायला कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव 1965 मध्ये धरणाखाली गेलं, त्याआधी 1963 मध्येच तिथली शाळा बंद झाली होती. शाळेच्या सभेत म्हातारी माणसं आवाज का चढवतात, ते यावरून कळेल.

आमच्याकडे शाळेचा हॉल म्हणजे गावाची चावडीच. मतदान तिथे, शिवणाचा क्लास तिथे, शेतकऱ्यांच्या बैठका तिथे. 1 मार्चला वेल्सचे संत सेंट डेव्हिड यांचा दिवस: मुली काळ्या उंच टोप्या आणि शाली घालून येतात, कविता-गाण्यांच्या स्पर्धा होतात. पहिल्या वर्षी मी टोपी आणायला विसरले. गेटवर शेजारच्या आजीबाईंनी स्वतःच्या नातीची जुनी टोपी लेकीच्या डोक्यावर बसवली, आणि त्या दिवसापासून दुकानात मला नावाने हाक मारू लागल्या. त्याआधीचे आठ महिने मी फक्त 'डॉक्टरांची बायको' होते.

एक गोष्ट मात्र घर घेण्यापूर्वी विचाराच: सर्वांत लहान वर्गात किती मुलं आहेत? तीन-चारच असतील तर शाळेवर टांगती तलवार असते. ग्रामीण शाळा बंद करण्याआधी दुसरे पर्याय तपासायचे, असा 2018 पासून नियम आहे. तरी शाळा बंद होतातच. आमच्या शेजारच्या गावातली गेली, आता मुलं वीस मिनिटं बसने जातात आणि त्या हॉलला कुलूप आहे.

डब्याचंही विचारलंत. वेल्समध्ये प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांना मोफत असतं. शाकाहारी असल्याचं फॉर्मवर आधीच लिहा. तिखट मात्र घरी आल्यावरच.