वाचकांचे प्रश्न : दात साफ करणारी ती मुलगी कोण?

प्रश्न : सांगलीतील एका दवाखान्यात मी दात साफ करून घेण्यासाठी गेले होते. डॉक्टरांनी तोंड तपासले आणि पुढचे सगळे काम एका तरुण मुलीवर सोपवून ते दुसऱ्या रुग्णाकडे वळले. ती ‘डेंटल हायजिनिस्ट’ आहे, असे मला नंतर समजले. पैसे मात्र पूर्ण घेतले. ही फसवणूक नव्हे का? शिवाय तेव्हापासून खालच्या पुढच्या दातांत फटी दिसतात आणि गार पाणी लागले की दात शिवशिवतात. मशीन लावल्याने दात हलू लागतात, असे शेजारच्या काकू म्हणतात.
— एक शिक्षिका, विटा

उत्तर : ती मुलगी नोंदणीकृत हायजिनिस्ट असेल, तर फसवणूक झालेली नाही. दातांवरचे किटण काढणे, दात स्वच्छ करून त्यांना पॉलिश करणे आणि दंतस्वच्छतेचे शिक्षण देणे ही कामे करणारी, परंतु स्वतः दंतवैद्य नसलेली व्यक्ती, अशी हायजिनिस्टची व्याख्या 1948 च्या दंतवैद्यक कायद्यातच केलेली आहे. दात काढणे, दात भरणे किंवा रूट कॅनाल करणे हे तिचे काम नाही. तपासणी करून निदान करणे ही डॉक्टरांची जबाबदारी असते, आणि आपल्या बाबतीत ती त्यांनी आधी पार पाडलेली दिसते.

गल्लत होते ती वेगळ्याच ठिकाणी. दवाखान्यात हाताखाली काम करता करता पाहून शिकलेली मदतनीस आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून राज्य दंत परिषदेकडे नोंदणी केलेली हायजिनिस्ट या दोघी रुग्णाला सारख्याच दिसतात, कारण दोघींच्याही तोंडाला मास्क आणि हातात मोजे असतात. मदतनिसाने उपकरणे मांडावीत, निर्जंतुक करावीत; हिरडीखाली उपकरण घालणे हे तिचे काम नव्हे. त्यामुळे ‘आपली नोंदणी आहे का?’ असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते. तसेच हेही प्रमाणपत्र मागितल्यावर दाखवता आले पाहिजे. डॉक्टरांनी त्या मुलीची ओळख तिच्या पदासह करून दिली असती, तर आपल्यावर हा प्रश्न लिहिण्याची वेळच आली नसती. हा दोष आम्हा दंतवैद्यांचा आहे, हे मी मान्य करतो.

आता फटींविषयी. दातांवर साचणारा मऊ, चिकट थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे तो कडक होतो आणि मग ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळग्रंथींची तोंडे उघडत असल्यामुळे तेथे किटण सर्वांत लवकर धरते. त्याच्यामुळे हिरडीला सूज येते, हिरडी खाली सरकते आणि आतील हाडही हळूहळू झिजते. रिकामी झालेली जागा मात्र किटणानेच भरलेली असल्याने आरशात काही जाणवत नाही. आपल्याला दिसणाऱ्या फटी मशीनने पाडलेल्या नाहीत, त्या आधीपासून होत्या. काकूंचा अनुभवही खोटा नसावा, कारण हाड खूपच झिजलेले असेल तर किटणाच्या आधाराने उभा असलेला दात साफसफाईनंतर हलताना जाणवतो. मशीनचे टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावून किटण फोडते आणि सोबतचे पाणी ते थंड ठेवते. दाताचे वरचे कवच तर शरीरातील सर्वांत कठीण भाग असते. किटणाखाली झाकलेले मूळ उघडे पडल्यामुळे होणारी शिवशिव बहुधा काही दिवसांत कमी होते. दोन आठवड्यांनंतरही ती तशीच राहिली, तर पुन्हा दाखवावे.

त्या मुलीने आपल्याला ब्रश कसा धरावा हे दाखवले की नाही, ते मात्र आपण लिहिलेले नाही. आपण शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगतो, या व्यवसायाचा उगम शिकवण्याशी जोडलेला आहे. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथील डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्ये आपल्या दवाखान्यातील सहायक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले आणि 1913 मध्ये हायजिनिस्टांसाठी शाळाच काढली; तेथून शिकून निघालेल्या अनेक जणी गावातील शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करत आणि त्यांना ब्रश करायला शिकवत. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून हलक्या हाताने फिरवणे, हे पाच मिनिटांत शिकवता येते. रुग्णांना मात्र या गप्पा वाटतात आणि मशीनचा आवाज म्हणजेच उपचार वाटतो.

प्रश्न : माझी आई चाळीस वर्षे मिसरी लावते. तिचा एकही दात किडलेला नाही आणि दुखतही नाही. तिला दात साफ करून घेण्याची गरज आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आहे, परंतु त्याआधी तोंडाची तपासणी व्हायला हवी. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून न दुखणे हा पुरावा धरू नये. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तो ज्या जागी रोज घासला जातो, तेथील हिरडी व गालाची आतली बाजू डॉक्टरांनी उजेडात नीट पाहिली पाहिजे. पांढरा किंवा लाल चट्टा असल्यास, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असल्यास, विलंब करू नये. आपल्याजवळ मलकापूरला दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहेच. दात स्वच्छ झाले म्हणून मिसरी निर्धोक होत नाही, हेही आईंना सांगावे. ‘मिसरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’ असे त्या म्हणतील. ती तंबाखूची सवय असते आणि ती सोडवण्यासाठीही डॉक्टरांची मदत मिळते.

प्रश्न : मुलगी बारावी शास्त्र शाखेत आहे. तिने हायजिनिस्ट व्हावे का?
— एक पालक, तासगाव

उत्तर : काम आवडत असेल, तर अवश्य विचार करावा. आपल्याकडे लहान दवाखान्यांत हे काम डॉक्टर स्वतःच करतात, त्यामुळे गावातच नोकरी मिळेल असे गृहीत धरू नये. मोठी रुग्णालये आणि महाविद्यालये पाहावी लागतील. परदेशी जाण्याचा विचार असेल, तर त्या देशाची परवाना परीक्षा वेगळी असते, हे लक्षात ठेवावे. सांगली परिसरात दंत महाविद्यालये आहेत, परंतु प्रत्येक महाविद्यालयात हा अभ्यासक्रम असेलच असे नाही. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेचे पत्र पाहावे आणि पूर्ण केल्यावर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होईल, याची लेखी खात्री करून घ्यावी.