बशी उलटी करा, पण शिक्का सगळ्यात शेवटी बघा
वाचकांचे प्रश्न : जुनी चिनी मातीची भांडी

यावेळी सोलापूरहून इतकी पत्रं आलीयत की सगळा कॉलम तिकडच्याच मंडळींना दिलाय. मिलच्या नोकऱ्या, रेल्वे, चादरीचा व्यापार आणि त्या निमित्तानं मुंबईचं सतत येणंजाणं, त्यामुळं सोलापूरच्या जुन्या घरात माळ्यावर किंवा फडताळात बाहेरदेशीची कपबशी निघते यात मला तरी नवल वाटत नाही. पत्रं लांब होती, प्रश्नापुरती छोटी केलीयत.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या ट्रंकेत निळ्या चित्रांची मोठी ताटली निघाली. मागं दोन निळी वर्तुळं आणि आत चार चिनी अक्षरं आहेत. मंगळवार बाजारातल्या एकाला फोटो दाखवला तर म्हणाला, कांगशी बादशहाच्या वेळची आहे, ३०० वर्षं जुनी, आत्ता देत असाल तर वीस हजार देतो. देऊ का? (साखर पेठेतल्या एक ताई)

उत्तर : ताई, आधी ती ताटली आज कुणालाच देऊ नका. घाई तुम्हाला नाहीये, त्याला आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता अक्षरांचं. चिनी शिक्का वरून खाली आणि उजवीकडनं डावीकडं वाचतात. सहा अक्षरं असली तर पहिली दोन राजघराण्याची, मधली दोन बादशहाची, शेवटची दोन म्हणजे त्याच्या काळात केलेलं. चार असली तर राजघराणं गाळलेलं असतं. तुमच्या फोटोत कांगशीचंच नाव आहे, तो माणूस तेवढं बरोबर बोलला. पण कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२, आणि त्याच्या नावाचा असा चार अक्षरी शिक्का दुहेरी वर्तुळात घालून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी चीनमध्ये ढिगानं माल निघाला, कारण तेव्हा युरोप अमेरिकेत जुन्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं वेड लागलं होतं. उलट खुद्द कांगशीच्या काळात, १६७७ मध्ये, चिंगदचन या भांड्यांच्या गावातल्या अधिकाऱ्यानं बादशहाचं नाव भांड्यावर घालायलाच मनाई केली होती, भांडं फुटलं की नाव उकिरड्यात जायचं म्हणून. मग कारागीर नुसती रिकामी वर्तुळं काढायचे, एखादं पान काढायचे, नाहीतर आधीच्या मिंग घराण्यातल्या बादशहाचं नाव घालायचे. म्हणजे खऱ्या कांगशी काळातल्या मालावर मिंगचं नाव सापडतं आणि दीडदोनशे वर्षांनंतरच्या मालावर कांगशीचं. यात दरवेळी फसवणूकच असते असंही नाही बरं का, जुन्या कारागिरीला मान म्हणूनही नाव घालायची तिथं पद्धत होती. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते, शिक्का सगळ्यात शेवटी बघा, आधी भांडं बघा.

आता भांडं कसं बघायचं ते सांगते. ताटली पालथी करून तिचा खालचा गोल कडा बघा, जिथं ग्लेज, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसतं आणि आतली माती उघडी पडलेली असते. त्यावरून बोट फिरवा. खरं पोर्सलीन, म्हणजे कडक आचेवर भाजलेली पांढरी चिनी माती, असेल तर तो कडा घट्ट, बारीक पोताचा लागतो, पाण्याचा थेंब टाकला तर आत शोषत नाही. मग दुपारच्या उन्हात ताटली तिरपी धरून वरचे चरे बघा. शंभर वर्षं जेवणात, धुण्यात, एकावर एक ठेवण्यात गेलेल्या ताटलीवर चरे वाट्टेल त्या दिशेनं असतात, मध्ये जास्त, कडेला कमी, आणि खालचा कडा जिथं टेकतो तिथंच झिजलेला असतो. मुद्दाम जुनं केलेल्या मालावर घासकाम सगळीकडं सारखं असतं आणि खाचांत चहाचं पाणी नाहीतर बूटपॉलिश भरलेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्यात ते निघून येतं. निळा रंग भिंगातून बघा. हातानं भरलेल्या निळ्यात कुंचल्याचं पाणी कुठं साचलंय, कुठं फिकं झालंय ते दिसतं. छापील आधुनिक स्टिकर असला की पेपरातल्या फोटोसारखे बारीक ठिपके दिसतात, आणि ते दिसले की पुढं काही बघायचं कारणच नाही.

तुमच्या फोटोंवरनं माझा अंदाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे, कांगशीचा नाही. तरीपण ती अस्सल चिनी आहे, हातानं रंगवलेली आहे, आणि मुंबईचे पारशी व्यापारी तेव्हा चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करत होते, तिकडनं रेशमी साड्यांबरोबर भांडीपण यायची, त्यामुळं ती तुमच्या घरापर्यंत कशी पोचली असेल याचा रस्तापण जुळतो. आजेसासूबाईंचं माहेर कुठलं, ट्रंक कुणाची, लग्न कुठल्या साली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद ताटलीबरोबर ठेवा. वस्तूचा घरचा इतिहास गेला की तो परत कुठनं मिळत नाही.

प्रश्न : आजोबा मिलमध्ये जॉबर होते. त्यांच्या टी सेटवर काही कपांखाली 'निप्पॉन' आहे, दोन बशांवर 'मेड इन जपान' आणि किटलीखाली काहीच नाही. सेट एकच आहे की जुळवलेला? (पूर्व भागातले एक काका)

उत्तर : काका, जुळवलेला दिसतोय, पण त्यात कमीपणा काही नाही, त्या काळी बशी फुटली की लोक मिळेल ती दुसरी आणायचे. देशाच्या नावावरनं वयाचा अंदाज चांगला लागतो, कारण हे नाव हौसेनं नाही, कायद्यानं आलंय. ब्रिटननं १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला, आपल्याकडं १८८९ मध्ये तसाच आला, आणि अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं १८९१ पासून बाहेरच्या मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली. जपाननं तेव्हा आपलं स्वतःचं नाव निप्पॉन घातलं, ते १९२१ पर्यंत चाललं, मग अमेरिकेनं सांगितलं की इंग्रजी नावच पाहिजे, तिथनं पुढं 'जपान'. महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या काही मालावर 'ऑक्युपाइड जपान' असतं. त्यामुळं तुमचे कप बशांपेक्षा आधीचे. किटलीखाली काही नाही म्हणून ती १८९१ च्या आधीची असं मात्र समजू नका, सेटमधल्या एकदोन नगांवरच शिक्का मारायचे किंवा कागदी लेबल लावायचे, ते धुण्यात जायचं. असंच 'चेकोस्लोव्हाकिया' वाचलं की १९१८ नंतरचं, 'वेस्ट जर्मनी' वाचलं की १९४९ ते १९९० मधलं, आणि 'बोन चायना' (हाडांची राख मिसळून केलेली चिनी माती) असे शब्द शिक्क्यात लिहिलेले असले की बहुतेक विसाव्या शतकातलं.

प्रश्न : निळ्या बशीवर पूल, त्यावर तीन माणसं, झाड आणि दोन पक्षी आहेत. चिनी आहे का?

उत्तर : नाही, हे चित्र मूळ इंग्लंडचं. विलो पॅटर्न म्हणतात त्याला, अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कारखान्यांनी चिनी चित्रं बघून स्वतः रचलेलं डिझाइन आहे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदानं छापलेलं. नंतर कितीतरी कारखान्यांनी काढलं, म्हणून नुसत्या चित्रावरनं वय सांगता येत नाही, मागचा शिक्का पाठवा.

प्रश्न : आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर चिनी मातीची लक्ष्मी आहे, पाठीमागं 'जर्मनी' कोरलंय. जर्मनीत आपले देव कशाला कोण करेल? खोटी आहे का? (एक दुकानदार, नवी पेठ)

उत्तर : अजिबात खोटी नाही, आणि कुणी काही म्हणालं तरी गल्ल्यावरनं हलवू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या पोर्सलीन कारखान्यांनी खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण अशा मूर्ती काढल्या, आणि चेहरा, साडीची ठेवण, कमळ हे सगळं राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरनं घेतलं. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि पुढं तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानंच विकत घेतला, म्हणजे संबंध किती जवळचा होता बघा. १९१४ ला महायुद्ध पेटल्यावर जर्मन माल यायचा बंद झाला आणि ती जागा बरीचशी जपाननं घेतली, म्हणून जपानी देवपण सापडतात. बघताना हाताची बोटं, कमळाच्या पाकळ्या आणि मुकुटाचं टोक बघा, तिथंच टवके उडालेले असतात आणि तिथंच रंगवून झाकलेलं असतं. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च तुमच्या दुकानात असेलच, रात्री लाइट बंद करून तो मारा, नंतर लावलेला रंग नाहीतर भरलेली जागा आजूबाजूपेक्षा वेगळी चमकते. उदबत्तीचा धूर मात्र थेट लागू देऊ नका.

प्रश्न : आईच्या आईची ताटली दोन तुकडे होऊन मागं पितळेचे टाके घालून जोडलेली आहे. मुलगा म्हणतो टाके काढून फेविक्विकनं नीट चिकटवू. शिवाय ती पिवळी पडलीय, चिंच लावू का? (जुळे सोलापूर)

उत्तर : दोन्हीला नाही, आणि मुलाला माझ्याकडनं प्रेमानं सांगा. ते टाके म्हणजे ताटलीचा सगळ्यात बोलका भाग आहे. हे काम करणारा कारागीर हिऱ्याच्या टोकाचा छोटा सामता दोरीच्या धनुष्यानं फिरवत मागच्या बाजूनं अर्धवटच भोक पाडायचा, आरपार नाही, कारण आरपार गेलं तर ताटली गेली, मग तारेचा टाका त्यात ताणून बसवायचा, आणि ताटली पुन्हा वापरात यायची. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले चिकट पदार्थ आले आणि हे काम जवळपास संपलं, त्यामुळं टाके हाच जुनेपणाचा एक पुरावा आहे. कुणाला तरी ही ताटली इतकी प्यारी होती की नवीन न घेता त्यांनी हिला टाके घालून घेतले, ते तुम्ही काढणार? फेविक्विक पुढं पिवळं पडतं आणि तुकडा केसभर जरी वाकडा बसला तरी परत सोडवताना कड उडते. अगदी जोडायचंच असेल एखादं भांडं, तर संग्रहालयाची कामं करणाऱ्या कॉन्झर्वेटरकडं द्या, ते परत सोडवता येईल असा डिंक वापरतात.

चिंच, लिंबू, राख, ब्लीच, घासणी, सगळं बंद. आंबटानं वरचे रंग आणि सोनेरी काठ मरतात. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, प्लॅस्टिकच्या टबमध्ये खाली टॉवेल अंथरून, आणि टाके घातलेली ताटली भिजत ठेवायचीच नाही, पितळ हिरवं होतं. माळवदाचं घर असेल तर वरनं माती झडते, ती आधी मऊ ब्रशनं झाडा, फडक्यानं पुसलीत तर चरे पडतात. आणि हो, जुन्या रंगीत भांड्यांच्या रंगात आणि ग्लेजमध्ये शिसं असू शकतं, म्हणून त्यात लोणचं, दही, आमटी ठेवू नका, रोजचा चहापण नको.

प्रश्न : भाचा अमेरिकेत आहे, आजीचा चिनी फ्लॉवरपॉट त्याला कुरियरनं पाठवायचाय. चालेल ना?

उत्तर : १०० वर्षांपेक्षा जुना असेल तर नाही चालणार. १९७२ चा पुरावशेष आणि कलासंपत्तीचा कायदा आहे, त्यात जुनी कलावस्तू खाजगी माणसानं देशाबाहेर न्यायला मनाई आहे, वस्तू चीनमध्ये बनली म्हणून सूट मिळत नाही, आणि मोडला तर तुरुंगवास आहे. तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडनं ती वस्तू पुरावशेष नाही असं सर्टिफिकेट घ्या, मगच पाठवा. घरात ठेवायला अडचण नाही. धंदा म्हणून पुरावशेष विकायचे तर लायसन लागतं, हे बाजारातल्या माणसालापण विचारून बघा. आणि हस्तिदंत कुणी कितीही जुना म्हणून दाखवला तरी घेऊ नका, त्याच्या खरेदीविक्रीवर बंदी आहे.

प्रश्न : शिकायचंय, पण सोलापुरात असं काही बघायला मिळत नाही. पुस्तकं घेऊ का? (कॉलेजची एक विद्यार्थिनी)

उत्तर : पुस्तकं नंतर घे गं, आधी डोळे तयार कर. सोलापूरहून हैदराबादला थेट गाडी आहे, सालारजंग म्युझियममध्ये चिनी, जपानी आणि युरोपियन पोर्सलीन एकाच छताखाली आहे, शुक्रवारी बंद असतं तेवढं बघून जा. जर्मनीतल्या मायसेन गावचं काम म्युझियममध्ये नीट बघ, १७१० ला त्या गावात युरोपातला पहिला खऱ्या पोर्सलीनचा कारखाना निघाला, त्याआधी युरोपला हे जमतच नव्हतं. त्यांची दोन निळ्या तलवारींची खूण इतक्या जणांनी उचललीय की नुसत्या तलवारी बघून कुणी काही विकायला आलं तर खिशात हात घालू नकोस. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आहेत, तेपण एक अख्खा दिवस काढून बघ. आणि सुरुवातीला फुटकी भांडी विकत घे. बाजारात टवका गेलेला जुना कप स्वस्तात मिळतो, आणि त्या टवक्यात माती कशी आहे, ग्लेज किती जाड आहे, रंग ग्लेजच्या खाली आहे की वर, हे जे दिसतं ते अखंड कपात कधीच दिसत नाही. इंग्लंडचा एक, जपानचा एक आणि बोन चायनाचा एक असे तीन टवके उडालेले कप शेजारी ठेवून मोबाइलच्या टॉर्चवर धर, काय फरक दिसला ते मला लिहून कळव.