बटणाचे वय त्याच्या पाठीवर वाचावे

ठाण्याच्या चरई भागातील आपल्या जुन्या घराच्या परसात टाकीसाठी खड्डा खणताना धातूची तीन बटणे मिळाली आणि ती किती जुनी असावीत, असे आपण विचारले आहे. छायाचित्रे मोठी करून पाहिली. आधी एक कळकळीची विनंती: ती चिंचेने, लिंबाने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. हिरव्या कळंकाखाली सोन्याचा मुलामा असू शकतो आणि तो अतिशय पातळ असतो. एका सुंदर बटणाचा मुलामा मी असाच चिंचेने घालवला, त्याची हळहळ अजून वाटते. कोरडी माती मऊ ब्रशने झाडावी, इतकेच पुरे.

पहिले बटण सर्वांत मोलाचे आहे. सपाट चकती, मागे डाकाने जोडलेली तारेची कडी आणि तिच्याभोवती गोलाकार ‘ट्रेबल गिल्ट’ (म्हणजे सोन्याचा तिहेरी मुलामा) ही अक्षरे. खरा मुलामा नसताना ‘गिल्ट’ असे छापू नये, असा कायदा इंग्लंडमध्ये १७९६ साली झाला, आणि दर्जाची अशी ग्वाही बटणाच्या पाठीवर प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसते. म्हणून हे बटण आगगाडीच्या आधीचेही असू शकेल.

दुसऱ्या, फुगीर बटणावर ‘जी. आय. पी. आर.’ आहे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली. एवढ्या मोठ्या कालखंडातील नेमकी जागा पाठीवरील कारखानदाराचे नाव व पत्ता यांवरूनच ठरेल, कारण कारखान्यांची नावे आणि पत्ते बदलत गेले. आपण नेमकी पाठच दाखवलेली नाही. बटण पोलिसांचे किंवा पलटणीचे असते, तर मुकुटही पाहिला असता: घुमटासारख्या गोल कमानींचा मुकुट साधारणपणे १९०२ नंतरचा, अशोकस्तंभाचे सिंह स्वातंत्र्यानंतरचे.

तिसरे, चार भोकांचे पत्र्याचे बटण पाटलोणीचे दिसते. त्यावरून साल सांगता येणार नाही.

मात्र बटणाच्या सालावरून मातीच्या थराचे साल ठरवू नका. कोट विरला की बटणे काढून डब्यात ठेवायची आणि नव्या कपड्याला लावायची, ही आपल्या घरांतील रीतच होती. दुसऱ्या बटणाची पाठ सकाळच्या तिरप्या उन्हात धरून छायाचित्र काढा आणि प्रत्येक बटण किती खोल सापडले, तेही आठवून लिहा.