संहिता घरी ठेवून जा

प्रिय पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. दिवाळीनंतर पाच दिवसांचं शिबिर, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहातली आठवी ते दहावीची पस्तीस मुलं-मुली, विषय बालविवाह आणि शेवटच्या दिवशी गावासमोर पथनाट्य. सोबत तू लिहिलेली संहिताही होती. भाषा ठसठशीत आहे, गाणी तर मला फारच आवडली. तरी माझं ऐकशील तर ती संहिता घरी ठेवून जा.

बऱ्याच वर्षांपूर्वी मीही अशाच मुलांकडून एक नाटुकलं बसवून घेतलं होतं. शेवटी सगळे ओळीत उभे राहून घोषणा द्यायचे. त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज नववीतल्या एका मुलीचा होता. गावाने टाळ्या वाजवल्या आणि मी समाधानाने एसटीत बसले. पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच त्या मुलीचं लग्न झालं. मला ते वर्षभराने कळलं. माझी घोषणा तिला पाठ होती. पण घरात आजी आणि वडील समोर बसलेले असताना काय बोलायचं, कोणाकडे जायचं, मुळात ही आपली माणसं असं का करताहेत, यातलं काहीच आम्ही त्या पाच दिवसांत शोधलं नव्हतं. त्या मुलीच्या बाबतीत मी कमी पडले. ते आजही मनातून जात नाही, म्हणून तुला इतकं लांबलचक लिहिते आहे.

ताईला काय ऐकायचंय हे मुलांना पहिल्या अर्ध्या तासात कळतं. मग ती निबंधाच्या भाषेत बोलू लागतात. ‘बालविवाह ही एक गंभीर सामाजिक समस्या आहे’ असं वाक्य आलं की समजायचं, अजून काही सुरू झालेलं नाही. ‘पण ताई, माझ्या आईचंही लग्न पंधराव्या वर्षी झालं, मग ती चुकीची का?’ असं कोणी विचारलं, की हातातलं सगळं बाजूला ठेव आणि तिथेच थांब.

पहिल्या दिवशी विषयाचं नावही काढू नकोस. ‘स्टॅच्यू’चा खेळ त्यांना येतोच. पाच-सहा जणांचे गट कर आणि सांग, ऊसतोडीची टोळी निघते त्या दिवशीचं घर एकही शब्द न बोलता उभं करा. बघणाऱ्यांनी आधी फक्त दिसतंय तेवढंच सांगायचं. ‘आई दुःखी आहे’ असं नको, ‘आईने तोंड फिरवलंय, हात पदरावर आहे’ असं सांगायचं. डोळ्यांना दिसलेलं आणि आपण त्यावर चढवलेलं, यातला फरक कळायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. पुढे बातमी वाचताना, मोबाइलवर आलेला निरोप पुढे पाठवताना त्यांना तोच उपयोगी पडणार आहे. एकदा एका गटाने ट्रकवर चढणारे आईबाप उभे केले आणि मागे म्हातारीजवळ एक मुलगी. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलाने हळूच विचारलं, ‘ही मागं राहिली तर हिच्याकडं कोण बघणार?’ लग्न हा शब्दही न उच्चारता तो मुळापाशी पोचला होता.

त्या प्रश्नाचा धागा सोडू नकोस. फळ्यावर ‘उचल’ एवढाच शब्द लिही आणि विचार: कोण देतं, कोणाला, कशावर मोजून? हा हिशोब तुझ्यामाझ्यापेक्षा त्यांना चांगला येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी जे आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देतो ती कोयत्यावर. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. पोराचं लग्न लावलं की घराचा कोयता पुरा होतो. मुलीच्या घरी वेगळीच गणितं असतात. पाच-सहा महिने तिला मागे ठेवायची भीती, पुढची शाळा लांब, आणि वय वाढलं की हुंडा वाढतो. फळा भरत जातो तसतसं ‘आईबाप अडाणी आहेत’ हे तयार उत्तर मुलं स्वतःच पुसून टाकतात. हा क्षण मी अनेकदा पाहिलाय आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. मात्र कारण कळलं म्हणजे ते मान्य केलं असं होत नाही, हेही त्यांच्याशी बोल. २००६ च्या कायद्याने मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ ठरवलंय. कायदा असूनही उचलीचा हिशोब बदलत नाही, मग काय बदलायला हवं, हा प्रश्न दहावीच्या मुलांना झेपतो.

आता नाटकाकडे येते. प्रसंग मुलांनाच रचू दे, सात-आठ मिनिटांचा, आणि तो वाईट संपू दे. मुलीचं लग्न ठरतं, इथे थांबायचं. मग तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून. या वेळी बघणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणावं, मुलीच्या, आईच्या किंवा भावाच्या जागी उभं राहावं आणि वेगळं वागून बघावं. बाकीच्यांनी आपलं पात्र सोडायचं नाही. ही रीत ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांची. ती कशी सापडली हे त्यांनीच सांगितलंय. १९७३ साली पेरूमध्ये साक्षरतेच्या मोहिमेत ते नवऱ्याने फसवलेल्या एका बाईचा प्रसंग करत होते. तेव्हा प्रेक्षक नुसता उपाय सुचवायचे आणि नट तो करून दाखवायचे. एक धिप्पाड बाई सारखी म्हणत होती, नवऱ्याशी अगदी स्पष्ट बोला. नटीने बोलून दाखवलं, पुन्हा बोलून दाखवलं, पण बाईचं समाधान होईना. शेवटी त्यांनी तिलाच वर बोलावलं. तिने झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला चोपून काढलं. तिच्या लेखी ‘स्पष्ट बोलणं’ ते होतं. तुझ्या शिबिरातली मुलगी ‘मी आईला समजावीन’ म्हणेल तेव्हा ही हकिकत आठव आणि तिला म्हण, ये, समजावून दाखव.

बोआल यांच्या रीतीतला एक नियम मुलांना फार आवडतो. न घडणारी गोष्ट कोणी घडवली, म्हणजे मुकादम एकदम विरघळला किंवा बाप एका वाक्यात बदलला, की बघणाऱ्यांनी ‘जादू!’ असं ओरडायचं. एकदा एका मुलाने प्रसंगात १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. अर्धे ओरडले, जादू! एक मुलगी उठून म्हणाली, नंबर खरा आहे, पण फोन कोणाचा? घरात एकच, तो बापाच्या खिशात. आणि साहेब येऊन गेल्यावर रात्री घरात काय होईल? त्यावर पाऊण तास वाद झाला. शाळेतल्या बाईंचा फोन, अंगणवाडीताई, शेजारची काकू, एकेक वाट त्यांनी चालून पाहिली. गावात बालविवाह रोखण्याचं काम कायद्याने ग्रामसेवकाकडे असतं, हे मी तेव्हा सांगितलं. त्यांनी विचारल्यावर सांगितलं म्हणून ते त्यांच्या लक्षात राहिलं.

मुकादमाचं काम करणाऱ्या पोराला जास्त वेळ दे. त्याला खुर्चीवर बसवून सगळ्यांनी प्रश्न विचारायचे, त्याने मुकादम म्हणूनच उत्तरं द्यायची. कारखान्याकडून पैसे कोणी घेतले, टोळी पळाली तर ते कोण भरणार? मुलं त्याला शिव्या द्यायला आलेली असतात. जाताना त्यांचे प्रश्न कारखान्यापर्यंत पोचलेले असतात.

आकडे हवेतच, पण पाठ करून घेऊ नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. हे वाचून दाखव आणि विचार, कोणाला विचारून काढलं असेल? उत्तर आहे, २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांना. मग आज पंधरा वर्षांची मुलगी यात कुठे आहे? राज्याची सरासरी आपल्या तालुक्याला लागू पडेल का?

एका संध्याकाळी मुक्ता साळवेचा निबंध वाच. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेलं १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आलं. वेदांवर हक्क ब्राह्मणांचाच असेल तर आमचा धर्म कोणता, असं ती सरळ विचारते. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात भविष्य सांगणारा जोशी कुणबी जोडप्याला फसवत असतो आणि विदूषक मध्ये मध्ये बोलून ती फसवणूक उघडी पाडत जातो. म्हणजे खेळ चालू असताना मध्येच तोंड उघडायची सवय आपल्या मातीतही जुनी आहे. निबंध वाचून झाला की काही समजावू नकोस, गप्प बस.

राहिलं गावासमोरचं पथनाट्य. माझं मत विचारशील तर करू नकोस. तू सहाव्या दिवशी निघून येशील, मुलांना तिथेच राहायचंय. खोलीत जी मुलगी ‘आजी, मी नाही करणार’ असं म्हणू शकली, तिला तेच चुलत्यांसमोर चौकात म्हणायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. संस्थेला कार्यक्रम हवाच असेल तर मुलांनी काढलेली चित्रं लाव, आणि तीही त्यांना विचारून. प्रसंगात कोणाचं खरं नाव, खरं गाव येऊ देऊ नकोस. कोणी रडायला लागलं तर खेळ थांबव आणि तिच्या ओळखीच्या मोठ्या बाईला जवळ बसव.

जानेवारीत दोन दिवस काढून पुन्हा तिथे जा, हे आत्ताच ठरवून टाक. पाचही दिवस काहीच न बोललेली एखादी मुलगी असेलच. शिबिरात तिला बोलतं करायच्या मागे लागू नकोस. जानेवारीत गेलीस की जेवायला तिच्या शेजारी बस.

आणि मुलांनी कुठे कुठे ‘जादू’ म्हटलं ते मला सविस्तर लिही.

तुझी,
ताई