डायलिसिस लागलेलं नसताना हातात फिस्टुला आत्ताच का करायचा?

वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) 6 च्या पुढे गेलंय, डायलिसिस अजून सुरू नाही, तरी डॉक्टर फिस्टुला करून घ्या म्हणतात. एवढी घाई कशाला, आणि पोटाच्या डायलिसिसने हे टळेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरातच डायलिसिस टेक्निशियन आहे. माझं ऐकाल तर करून घ्या. फिस्टुला केल्या केल्या वापरता येत नाही. फिस्टुला म्हणजे मनगटापाशी धमनी शिरेला जोडणं. धमनीच्या दाबाने शीर फुगते, तिची भिंत जाड होते. याला साधारण 6 ते 8 आठवडे जातात, काहींना जास्तही. मशीनला मिनिटाला 250-300 मिली रक्त लागतं, साध्या शिरेतून तेवढं येतच नाही. थांबलात आणि एखाद्या रात्री धाप लागून ॲडमिट करावं लागलं, तर बहुतेक वेळा मानेतल्या शिरेत कॅथेटर म्हणजे नळी टाकतात. त्यातून जंतुसंसर्ग झाला की मशीनवर असतानाच हुडहुडी भरून ताप येतो. असे पेशंट आम्ही नेहमी बघतो.

वडील उजवे असतील तर डावा हात आजपासून जपा. त्या हाताला सलाईन नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टा नाही. ‘एकदा टोचल्याने काय होतंय’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच, त्याला दुसरा हात पुढे करा. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवायची. मांजर गुरगुरल्यासारखं लागलं पाहिजे. नाही लागलं तर त्याच दिवशी सर्जन गाठा.

पोटाच्या डायलिसिसला फिस्टुला लागत नाही. साधारण 2 लिटर द्रव नळीने पोटात सोडायचा, 4-6 तासांनी काढायचा, असं दिवसातून 3-4 वेळा. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून मशीनसाठी आठवड्याला 3 खेपा घालणाऱ्यांना ते सोयीचं. पण स्वच्छतेत ढिलाई चालत नाही, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला की तडक दवाखाना.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधीच करून ठेवा.

आणि हो, ‘रक्त वाढतं’ म्हणून पाहुणे डाळिंबं आणतील. किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम बाधू शकतं. मुळात इथे रक्त कमी होतं ते बहुधा किडनीत एरिथ्रोपोएटिन (रक्त बनवायला लावणारं हार्मोन) कमी बनतं म्हणून. त्याची इंजेक्शनं मिळतात, डॉक्टरांना विचारा.