मारिओ-लुईजीत एवढं हसण्यासारखं काय?

प्रश्न: मुलगा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या गेम मशीनवर 'मारिओ अँड लुईजी: सुपरस्टार सागा' खेळताना एकटाच हसत असतो, एवढं काय आहे ओ त्यात? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, लई भारी गेम आहे तो, २००३ चा! एका बटणावर मारिओ, दुसऱ्यावर त्याचा भाऊ लुईजी, आणि लढाईत नुसती आपली पाळी यायची वाट बघत बसायचं नाही तर शत्रू अंगावर आला की नेमक्या क्षणी उडी मारून वार चुकवायचा, त्यामुळं कंटाळा येतच नाही. त्यात भित्र्या लुईजीची फजिती आणि फॉफुल व्हिलनची मोडकीतोडकी भाषा, रंकाळ्यावर दोस्त एकमेकांची खेचतात तसंच वाटतं बघा. मला तर लुईजीच जास्त आवडतो, घाबरतो पण भावाला सोडत नाही. निन्टेंडो डीएस हे गेम मशीन मिळालं तर 'बाउजर्स इनसाइड स्टोरी' पण द्या त्याला, त्यात दोघं चक्क त्यांचा शत्रू बाउजरच्या पोटात जातात!